मॅप न लावता गाडीवर गाव कसं गाठायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातला, विहिरीवरच्या न् बोरच्या मोटारी दुरुस्त करतो, सतरा वर्षं झाली गाडीवर पाने-पक्कड बांधून वावरावावरात फिरून राहिलो. नवीन पोरं सोबत काम शिकायला येतात तं तेच तेच प्रश्न विचारतात, पाहुणे पुण्या-मुंबईहून गाडीवर फिरायला येतात तेही तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

मोबाईल असताना हे सगळं काऊन शिकायचं?

मोबाईल सोबत ठेवाच, तो टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्रीत हँडलवर लावलेला फोन तापून अर्ध्या तासात बंद पडते हे मी कितीदा पाहिलं. मेळघाटात धारणीकडं किंवा तिकडं भामरागडच्या बाजूनं गेले की मैलोन् मैल रेंज नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, फोनला जवळचा रस्ता समजते पण चांगला रस्ता समजतेच असं नाही. मला एकदा ऑगस्टमध्ये त्यानं डांबरी सोडून पांदणीत, म्हणजे वावरातल्या कच्च्या वाटेत, घातलं, नकाशावर चार किलोमीटर वाचून राहिले होते. काळी माती, रात्री पाऊस झालेला. शंभर पावलं गेलो नाही तं पुढच्या चाकात न् मडगार्डात चिखल असा ठासून बसला की चाक फिरेना. तुराटीची काडी घेतली ती मोडली, मग पान्यानं खरडत बसलो, खरडलं की दहा पावलं, परत जाम. चार किलोमीटर वाचवायला तीन तास गेले, न् तिकडं शेतकरी मोटारीची वाट पाहत बसला होता.

सुरुवात कुठून करायची?

नद्यांपासून. खरं सांगतो, रस्ते पाठ करू नका, नद्या पाठ करा. रस्ता बदलते, बायपास होते, नंबर बदलते, नदी जागेवर राहते.

वर्धा नदी वरून सातपुड्यातून, मुलताईच्या पठारावरून येते न् खाली दक्षिण-पूर्वेकडं उतरत जाते. तिच्या मावळतीला अमरावती न् यवतमाळ, उगवतीला वर्धा न् पुढं चंद्रपूर. म्हणजे कळंबहून देवळीकडं जाताना मोठी नदी ओलांडली की जिल्हा बदलला, पाटी दिसो का न दिसो. यवतमाळच्या खालच्या अंगाला पैनगंगा, ती ओलांडली की तुम्ही विदर्भाच्या बाहेर मराठवाड्यात नाहीतर तेलंगणात गेले. पूर्वेला वैनगंगा, भंडारा, पवनी, वडसा असं करत दक्षिणेला वाहते, तिच्या पलीकडं गडचिरोली. आणि वऱ्हाडात पूर्णा, ती उलटी, मावळतीकडं तापीला जाऊन मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात कुठंही उभे राहा, हवा साफ असली तं उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा आडवा दिसते. दर्यापूर, अंजनगाव सुर्जीकडं फिरणाऱ्याला ती भिंत दिसली की उत्तर सापडलीच. तिथं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं न् खारं लागलं तं समजा खारपाणपट्ट्यात आहे, पूर्णा फार लांब नाही.

नदीनंतर रेल्वे. बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा, नागपूर ही मोठी लाईन विदर्भाला आडवी कापते, आणि वर्ध्याहून एक फाटा खाली हिंगणघाट, चंद्रपूर, बल्लारशाकडं जाते. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला बंद पडली पण तिची लाईन कुठं कुठं अजून झुडपातून दिसते. रेल्वेच्या कोणत्या अंगाला आहे एवढं जरी डोक्यात ठेवलं तं माणूस पूर्ण हरवत नाही.

शेवटी लांबून दिसणाऱ्या खुणा. कोराडीच्या, खापरखेड्याच्या, पारसच्या, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या, रामटेकचा गड, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. पिकंसुद्धा सांगतात. कपाशी न् तूर मागं पडून धानाच्या बांध्या सुरू झाल्या की तुम्ही झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शिरले, संत्र्याच्या बागा लागल्या की वरुड-मोर्शीचा पट्टा.

निघायच्या आधी काय लिहून घ्यायचं?

एक चिठ्ठी. मी पोराच्या वहीचा कागद उभा फाडतो, चार बोटं रुंद, न् त्यावर खालून वर लिहितो, म्हणजे गाडीवर बसलं की जे समोर आहे ते चिठ्ठीत पण वर आहे. डोळ्याला उलटं वळवावं लागत नाही, ही एक गोष्ट करून पाहा, फरक लगेच कळते. गावाचं नाव, फाटा कोणत्या हाताला, मीटरवर किती किलोमीटर व्हायला पाहिजे, बस. कागदावर पूर्ण चिकटपट्टी मारतो, पावसानं शाई फुटू नये म्हणून, आणि टाकीवर चिकटवतो. अक्षर जाड पाहिजे, मार्करनं लिहा, चालत्या गाडीवर बारीक अक्षर वाचायला गेले की खड्डा दिसत नाही.

चिठ्ठीत प्रत्येक वळणाच्या पुढची एक "चुकल्याची खूण" लिहायची. म्हणजे असं: अमुक फाट्यावर डावीकडं, आणि जर मोठा पूल लागला तं फाटा मागं राहिला. ही सवय मला एका ट्रकवाल्या भावानं लावली, माझे कितीतरी तास तिच्यामुळं वाचले.

गाडीला ट्रिप मीटर नसला तं निघताना मीटरचा आकडा चिठ्ठीच्या खालीच लिहा न् त्यात बेरीज करत जा.

मीटरच बंद असला तं?

घड्याळावर चला. गावच्या रस्त्यानं ताशी ४० नं गाडी चालवली तं पंधरा मिनिटात दहा किलोमीटर होतात. माझी मीटरची केबल तुटली तेव्हा दोन महिने असंच काढले, एक-दीड किलोमीटरचा फरक पडायचा, तेवढा चालते.

रस्त्यावरच्या दगडांचे रंग काय सांगतात?

डोक्याला पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, केशरी म्हणजे गावाकडचा ग्रामसडकचा रस्ता. तुम्हाला पुसदला जायचं न् दगड केशरी दिसून राहिले तं थांबा, कुठंतरी मोठा रस्ता सुटला. दोन मोठ्या दगडांच्या मधे दर २०० मीटरवर छोटे दगड असतात, त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे, गवतात झाकलेले असले तरी पायानं बाजूला केले की दिसतात. मोठ्या दगडावर गावाच्या नावासोबतचा आकडा कमी होऊन राहिला का वाढून राहिला एवढं पाहिलं तरी आपण गावाकडं चाललो का उलटं ते कळते.

रस्त्याच्या नंबरवर भांडू नका. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले. अकोला-अमरावती-नागपूर-भंडारा जो जुना सहा नंबर तो आता ५३, आणि नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा जो सात नंबर तो ४४. पाटीवर नवा, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी जुना. धाब्यावर कोणी "सात नंबरनं जा" म्हटलं तं तो चुकीचं नाही सांगून राहिला, ४४ च समजा. पण सगळ्यात बरं म्हणजे हैदराबाद रोड, नागपूर रोड असंच विचारायचं.

समृद्धीवरून गाडी नेता येते का?

नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला न् तीनचाकीला बंदी आहे. त्याच्या खालून-वरून जाणारे जुने रस्ते आहेत, पण काही ठिकाणी जुनी वाट वळवून बोगद्यातून काढली, त्यामुळं "सीधा जा" म्हणून कोणी सांगितलेलं आता सीधं राहिलं नाही. समृद्धीजवळच्या गावात रस्ता परत एकदा विचारूनच घ्या.

लोकांना रस्ता विचारला की प्रत्येक जण वेगळंच सांगते, काय करायचं?

इथं मी जरा लांब लिहितो, कारण ह्यातच सगळं आहे.

पहिलं, प्रश्न नीट विचारा. "हा रस्ता घाटंजीला जाते का?" असं विचारलं की समोरचा हो म्हणते. तो खोटं बोलत नाही, फिरून फिरून सगळेच रस्ते घाटंजीला जातात न् पाहुण्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येते. त्यापेक्षा "घाटंजीला कोणत्या रस्त्यानं जाऊ?" असं विचारा, म्हणजे त्याला विचार करून हात दाखवावा लागते. हात दाखवला पाहिजे. उजवा-डावा शब्दावर विश्वास ठेवू नका, तो तुमच्याकडं तोंड करून उभा असते न् त्याचा उजवा तो तुमचा डावा होते.

दुसरं, शेवटचं गाव विचारू नका, पुढचं गाव विचारा. साठ किलोमीटरवरचं गाव पानठेल्यावरच्या माणसाला ऐकून माहीत असते, पण पुढची तीन गावं तो रोज सायकलनं गेलेला असते. गाव बदललं की परत विचारा.

तिसरं, गाडी बंद करा, हेल्मेट काढा, राम राम घाला. गोंड वस्तीत "जय सेवा" म्हटलं की चेहरा खुलते. म्हाताऱ्या माणसाला बाबाजी किंवा काका, बाईला मावशी नाहीतर ताई, पोराला भाऊ. गाडी चालू ठेवून, काच वर न करता "ए, रोड कुठं जाते" म्हणणाऱ्याला लोकं सांगतात, पण अर्धंच सांगतात. पूल वाहून गेला हे त्या राहिलेल्या अर्ध्यात असते.

चौथं, कोणाला विचारायचं. दूधवाला, पोस्टमन, आशाताई, पीठगिरणीवाला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, आणि एसटीचा कंडक्टर. ह्यांना आजचा रस्ता माहीत असते. शाळेतल्या लहान पोराला विचारायचं तं फक्त त्याच्या गावातलं विचारा, तिथं त्याच्यासारखा पक्का कोणी नाही.

अंतर विचारलं की "हे काय, जवळच आहे" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "एसटीला किती वेळ लागते" विचारा. किंवा "तिथला बाजार कोणत्या दिवशी, तुम्ही पायी जाता का गाडीनं" असं विचारा, पायी जात असन तं चार-पाच किलोमीटरच्या आत आहे.

महागावच्या अलीकडं एकदा एका बाबाजीनं मला रस्ता सांगितला तो अजून जसाच्या तसा डोळ्यापुढं आहे. बैल धुऱ्यावर उभे, बाबाजी खाली उकिडवा बसला, तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकानं धुळीत रेघ ओढली. "हे पाय, हा नाला. नाल्याच्या पल्याड मोठ्ठं चिचेचं झाड लागन. चिचेपासून जेवत्या हाताला नोको जाऊ, तो रस्ता वावरात जाते न् इहिरीपाशी संपते. सीधा जाजो. मंग मारोतीचं देऊळ दिसन, तथी कोनालेबी इचार." नाल्याच्या रेघेवर त्यानं एक गोटा ठेवला, तो म्हणजे रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, न् चिचेच्या जागी बैलाचं वाळलेलं शेण. मी ते पाहून घेतलं, आणि त्याला परत म्हणून दाखवलं, नाला, रपटा, चिच, सीधा, मारोती. त्यानं मान हलवली. ही पाचवी गोष्ट, ऐकलेलं परत म्हणून दाखवा, चूक असन तं तिथंच दुरुस्त होते.

एकाच नावाची दोन-दोन गावं असतात, त्याचं काय?

हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा. हिंगणघाटजवळ वडनेर आहे, दर्यापूरकडं वडनेर गंगाई, नांदुऱ्याकडं वडनेर भोलजी. एका अमरावती जिल्ह्यातच चांदूर रेल्वे न् चांदूर बाजार, नांदगाव पेठ न् नांदगाव खंडेश्वर. मंगरूळ म्हटलं तं मंगरूळ दस्तगीर, मंगरूळ चव्हाळा, मंगरूळपीर. पिंपळगाव, सावंगी, हिवरा, बोरगाव ह्यांचा तं हिशेबच नाही. मला एकदा फोनवर "सावंगीले या" एवढंच सांगितलं न् मी मोटारीचं वाइंडिंग बांधून दुसऱ्याच सावंगीत जाऊन उभा राहिलो, ५० किलोमीटर उलटे, तिकडं कपाशी पाण्यावाचून माना टाकून राहिली होती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो. तालुका कोणता, बाजाराला कुठं जाता, आणि एसटी कुठून येते. तालुका सांगताना माणूस एखादवेळी चुकते, बाजार सांगताना चुकत नाही.

बुद्रुक न् खुर्द पाटीवर बु. आणि खु. असं असते, बुद्रुक मोठं, खुर्द लहान, बहुतेकदा शेजारी शेजारी, मधे नाला नाहीतर नदी. नावाच्या शेपटीकडं पण लक्ष द्या. तांडा म्हणजे बंजारा वस्ती, पोड म्हणजे कोलामांची, टोला किंवा टोली भंडारा-गोंदियाकडं, गुडा तिकडं राजुरा-जिवतीच्या डोंगरात. मूळ गाव डांबरी रस्त्यावर न् त्याचा पोड तीन किलोमीटर आत टेकडीवर असं असू शकते, म्हणून गाव सापडलं तरी पोड कुठं ते वेगळं विचारावं लागते.

पाटी नाही, माणूस नाही, समोर दोन रस्ते. मग?

थांबा. इंजिन बंद करून दोन मिनिटं ऐका. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, देवळातला भोंगा, काहीतरी ऐकू येतेच, गावाची दिशा कानानं लवकर कळते.

मग खाली पाहा. बैलबंडीची खोल चाकोरी बहुतेक वावरात जाते. एसटीचे रुंद टायर ज्या बाजूनं वळलेले दिसतात तो गावाचा रस्ता. विजेच्या खांबावर विसंबू नका, ते वावरातल्या मोटारीकडंही जातात, मी रोज त्याच खांबांच्या मागं फिरतो म्हणून सांगतो. उंच पाण्याची टाकी न् देवळाचा कळस मात्र गावाशिवाय सहसा दिसत नाही.

आणि गावात शिरले न् गाव कोणतं ते कळत नसन तं जिल्हा परिषदेची शाळा शोधा. शाळेच्या भिंतीवर गाव, पंचायत समिती, जिल्हा सगळं मोठ्या अक्षरात रंगवलेलं असते. रेशन दुकानाच्या बोर्डावर पण असते. रस्त्यावरची पाटी कोणी वाकवून ठेवली असन, शाळेची भिंत कोणी फिरवत नाही.

सूर्यावरून दिशा पाहता येते का?

सकाळी न् संध्याकाळी येते, पण सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही हे लक्षात ठेवा. मार्च न् सप्टेंबरच्या २१-२२ च्या आसपास बरोबर पूर्वेला, हिवाळ्यात दक्षिणेकडं सरकलेला, उन्हाळ्यात उत्तरेकडं. डिसेंबरात दुपारी सावली चांगली लांब उत्तरेला पडते, तेव्हा सोपं आहे. मे च्या शेवटी शेवटी मात्र आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येते न् दुपारी सावली पायाखालीच राहते, तेव्हा सावलीवरून काही कळत नाही. त्या दिवसात तसंही दुपारी बारा ते चार लिंबाखाली बसावं.

रात्री कसं करायचं?

शक्यतो रात्री अनोळखी रस्त्यानं जाऊच नका, रानडुक्कर न् रोही (नीलगाय) आडवे येतात, आणि जंगलातले काही रस्ते वनखात्याच्या नाक्यावर रात्री बंद करतात. पण अडकलेच तं ध्रुव पाहा. आपल्याकडं ध्रुव फार खाली असते, हात सीधा लांब करून मुठीवर मूठ ठेवली तं क्षितिजापासून दोन मुठी वर, बस. लोकं डोक्यावर शोधतात म्हणून सापडत नाही. सप्तर्षीच्या, म्हातारे ज्याला बाजलं म्हणतात त्याच्या, पुढच्या दोन चांदण्यांची रेघ वाढवली की ध्रुवावर जाते. दिवाळीच्या दिवसात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाही, तेव्हा शर्मिष्ठेचा एम शोधा, तो ध्रुवाच्या दुसऱ्या अंगाला असते. हिवाळ्यात मृगातल्या ओळीनं तीन चांदण्या जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात न् पश्चिमेला मावळतात. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला पूर्वेकडून वर येते, शुद्ध अष्टमीचा त्याच वेळेला पार वर आलेला असते. घरून निघताना कॅलेंडरवर तिथी पाहायला काय लागते.

होकायंत्र घ्यावं का?

घ्या, पण टाकीवर ठेवून पाहू नका. लोखंडी टाकी न् चालू इंजिन काट्याला ओढतात. गाडीपासून दहा-पंधरा पावलं लांब जाऊन पाहा.

कागदाचा नकाशा कोणता चांगला?

रोजच्या कामाला जिल्ह्याचा नकाशा पुरते, तालुक्याच्या सीमा न् नद्या त्यात असतात. आडवळणाला जायचं तं भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे, २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. नाले, विहिरी, देवळं, पायवाटा, टेकड्यांच्या उंचीच्या रेघा, सगळं असते. विदर्भाचा बराचसा भाग ५५ नंबरच्या शीटमध्ये येते, खाली चंद्रपूरकडं ५६ लागते, गोंदियाकडं ६४. फक्त शीट जुनी असन तं धरणं तपासा. गोसीखुर्दच्या पाण्याखाली जे रस्ते गेले ते जुन्या नकाशात अजून सीधे दाखवलेले सापडतात.

चुकलो हे कळल्यावर काय करायचं?

मागं फिरा, शेवटच्या पक्क्या माहीत असलेल्या जागेपर्यंत. "पुढं कुठंतरी निघन" म्हणून जाऊ नका, सगळे तासन् तास ह्या एका वाक्यात जातात. मागं फिरणं सोपं व्हावं म्हणून प्रत्येक फाट्यावर वळल्यावर एकदा मान मागं करून पाहून घ्या, येताना तोच फाटा वेगळाच दिसते.

पावसाळ्यात?

रपट्यावरून पाणी वाहून राहिलं असन तं थांबा. घोट्याएवढं असलं तरी थांबा. पलीकडचा माणूस हात करून बोलवन, तरी थांबा. आपल्याकडचे नाले जसे चढतात तसे दोन-तीन तासात उतरतात, तेवढा वेळ पानठेल्यावर बसा.

पेट्रोलचं गणित?

तालुक्याच्या गावी भरायचं, रिकामी टाकी घेऊन आत शिरायचं नाही. मुख्य रस्ता सोडताना जेवढं जायचं त्याच्या दुप्पट न् वर आणखी थोडं, कारण एक चूक धरूनच चालावं लागते. किराणा दुकानात बाटलीत मिळते, पण ते मिळनच असं समजून निघू नका.

गाव सापडलं, घर कसं शोधायचं?

सातबाऱ्यावरचं नाव घेऊन विचारू नका, गावात त्याच आडनावाची तीस घरं असतात. फोनवरच विचारून ठेवा, गावात तुम्हाला काय म्हणतात, घराजवळ काय आहे. मागच्या महिन्यात दिग्रसकडच्या एका गावात मी पूर्ण नाव सांगून सांगून थकलो, कोणाला समजेना, मग म्हटलं ज्यायच्या बोरची मोटार काल जळली ते. पानठेल्यावरचे चौघंही एकदम उठले, एक पोरगं गाडीवर मागं बसलं, न् वावरापर्यंत घेऊन गेलं.